स्वस्तातला रिले आणि जिपार आपांचा धूर

केंजेबेकला एखादी वस्तू विकत आणायला सांगणं म्हणजे त्याला वर्षभराचं काम लावून देणं, हे बिश्केकमधल्या त्याच्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांना ठाऊक होतं. तो दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवायचा. तिथे त्याचा हात कधी अडायचा नाही. प्लास्टरचा साचा समोर आला की दुपारच्या चहापर्यंत दाढा तयार. पण हाच माणूस बाजारात शिरला की त्याचं काही ठरत नसे. कपडे धुवायचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने इतकी दुकानं पालथी घातली आणि इतके व्हिडिओ पाहिले, की शेवटी त्याची बायको झूरा हिने एका रविवारी स्वतःच मशीन आणून लावलं आणि त्याचेच मळके शर्ट त्यात टाकले. शर्ट दोरीवर वाळत पडले तरी केंजेबेकची तुलना चालूच होती.

बरं, एवढं करून निवडायचा काय, तर सगळ्यांत स्वस्त. स्वस्त घेण्यात पाप नाही, सगळेच घेतात. पण इतर लोक स्वस्त घेतात आणि गप्प बसतात. हा स्वस्त घ्यायचा आणि वर, महाग घेणारे कसे मूर्ख, ते महिनाभर सांगत सुटायचा.

तो घरातलं शेंडेफळ. आमच्याकडे थोरली मुलं लग्न करून वेगळी होतात, आणि धाकट्याने बापाच्या घरात राहायचं, म्हाताऱ्यांना बघायचं, चूल विझू द्यायची नाही. गावातली घरंसुद्धा आम्ही धुरावर मोजतो. अमुक गाव केवढं, तर दोनशे धुरांचं. वर्गणी काढायची तर दर धुरामागे. ज्या धुराड्यातून धूर येत नाही ते घर हिशेबातून गेलं. केंजेबेकच्या वाट्याचं धुराडं होतं दोलोनच्या खिंडीपलीकडे, नारिनच्या अंगाला, कारा-बुलाक गावात. आणि केंजेबेक होता बिश्केकमध्ये, पाचव्या मजल्यावर, जिथे गरम पाणी आपोआप नळ्यांतून फिरतं आणि ते कुठून येतं हे कोणी विचारत नाही.

वडील गेल्यापासून तो धूर त्याची आई जिपार आपा एकट्याच सांभाळत होत्या. गेल्या हिवाळ्यात राखेची बादली टाकायला गेल्या आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या. मनगट सुजलं. आपांनी फडकं गुंडाळलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. पण थोरली लेक गुलबारा उन्हाळ्यात माहेरी गेली आणि आई डाव्या हाताने चहा ओततेय हे तिने पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात जाळ, दोन्ही एकदमच आले. तिने तिथूनच भावाला फोन लावला.

"केंजे, नीट ऐक. पहिला बर्फ पडायच्या आत इथे येऊन राहा. नाहीतर मी आपाला माझ्याकडे कान्तला नेते आणि या घराला कुलूप घालते."

"एजे, माझं काम इथे आहे," तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

"लोकांचे दात काय फक्त बिश्केकमध्येच पडतात? इथे अर्ध्या गावाची तोंडं बोळकी झालीत."

"झूराची नोकरी आहे गं."

"मग कुलूप."

आपा शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "केंजे, मला नेऊ देऊ नकोस रे. मी जिवंत असताना माझ्या घराला कुलूप कसलं? तिच्याकडे ऊब आहे, सगळं आहे. पण मी तिथे खिडकीत बसून कोणाची गुरं परत येताना बघू?"

आपा कधी कोणाकडे काही मागणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे ते बोलणं केंजेबेकला लागलं, अगदी आतवर लागलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. पण कारा-बुलाकला जाऊन राहायचं म्हटलं की त्याला पुढचं सगळं दिसू लागे. पहाटे उठून कोळसा फोडायचा, राख काढायची, शेजाऱ्यांच्या प्रत्येक मेंढीची चौकशी करायची! आईला न्यायचं नाही आणि आपण जायचं नाही, असा काही तरी मार्ग त्याला हवा होता. तो त्याला एका संध्याकाळी फोनवर बोट सरकवता सरकवता सापडला.

काडेपेटीएवढी डबी. नाव रिले. भिंतीतल्या बटणाच्या मागे बसवायची, घरातल्या वायफायला जोडायची, आणि मग जगात कुठूनही फोनवर बोट टेकवलं की डबीच्या पोटात टक् होतं आणि वीज सुटते. पुन्हा बोट टेकवलं की तुटते.

"चूलच नको!" केंजेबेक स्वयंपाकघरात धावत आला. "खोल्याखोल्यांत विजेचे हीटर. आणि त्यांची बटणं इथे, माझ्या खिशात!"

झूरा कांदा चिरत होती. "म्हणजे आपांना उबेत ठेवायचं, पण आपांजवळ जायचं नाही."

"असं काय म्हणतेस? लांब राहून जवळ असणं म्हणतात याला."

"आधी सुचलं असतं तर आपलं लग्नही फोनवरच उरकलं असतं. निदान मला हे कांदे चिरावे लागले नसते."

आता रिले निवडायचा होता. इथून पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. उन्हाळा गेला, जर्दाळू संपले, टरबुजं संपली, केंजेबेक निवडतोच आहे. दहा अँपिअरचा की सोळाचा? एका बटणाचा की दोन? झाकण जळणारं की न जळणारं? दवाखान्यात पुढच्या खोलीत माणूस तोंड वासून बसलेला असायचा आणि मागच्या खोलीत हा व्हिडिओत कोण्या अनोळखी चिनी पोराला रिले दाताने उघडताना बघत असायचा. झूरा म्हणाली की एवढ्या वेळात आपांच्या विजेसाठी सबंध धरण बांधून झालं असतं. गुलबारा रोज एकच प्रश्न विचारायची, "बर्फ पडायला किती दिवस उरले, माहीत आहे ना?"

शेवटी तो दोर्दोई बाजारात, विजेचं सामान विकणाऱ्या दामिराच्या कंटेनरमधल्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला. तो याआधी तिच्याकडे इतक्यांदा येऊन रिकाम्या हाताने गेला होता की ती त्याच्यासाठी आता चहाही ओतेनाशी झाली होती.

"हा नावाजलेला," तिने पहिली डबी फळीवर ठेवली. "तुम्ही घेणार नाही. पुढे चला. हा बिननावाचा, पण चांगला. सोळा अँपिअर, हीटर खुशाल चालवा. आणि याला आठवण आहे."

"आठवण म्हणजे?"

"लाइट गेली आणि परत आली, तर आधी आपण चालू होतो की बंद, ते याला आठवतं. चालू होता तर पुन्हा आपणहून चालू होतो."

केंजेबेकचा हात तोवर खालच्या टोपलीत गेला होता. "आणि हा?"

"तोही सोळाचाच. फक्त विसरभोळा. लाइट जाऊन आली की बंदच बसतो. कोणी तरी परत सांगावं लागतं."

"सांगायला मी आहे की!"

"कोणासाठी घेताय, आके?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिने विचारलं.

"आईसाठी. गावी."

"गावी लाइट जाते?"

"जाते अधूनमधून."

दामिराने शाल सावरली. "मग आठवणीचा घ्या. मी दुकानदार म्हणून नाही सांगत."

दुकानदार असं म्हणाला की केंजेबेकला नेमका तिथेच फसवणुकीचा वास येई. त्याने विसरभोळे चार रिले घेतले. चारांमागे जे काही वाचलं त्यात एक बशी लाघमान, म्हणजे रश्श्यातल्या लांब शेवया, येत होतं. ते त्याने तिथेच, बाजाराच्या तोंडाशी बसून, मिरचीचं तेल घालून खाल्लं. आयुष्यात इतकं चविष्ट लाघमान आपण खाल्लं नाही असं त्याला वाटलं.

पहिल्या बर्फाच्या आधी तो हीटर, रिले आणि वायफायची पेटी गाडीत घालून गावी पोचला. आपांनी लगबगीने आत जाऊन कवळी घातली. कवळी केंजेबेकनेच केलेली, तिथे मात्र त्याने हयगय केली नव्हती. तरी ती वरच्या हिरडीला टोचायची आणि आपा ती फक्त लेक आला की घालायच्या. दिवसभर भिंती खरवडून त्याने डब्या बसवल्या. मग, आई पुन्हा कोळशाच्या वाटेला जाऊ नये म्हणून, त्याने चुलीचं तोंड पत्रा लावून दातांच्या प्लास्टरने लिंपून टाकलं. काम इतकं सफाईदार झालं की त्यात दोन दाढा कोरायचा मोह त्याला आवरावा लागला.

"हे बघ, आपा." त्याने अंगणात जाऊन फोनवर बोट टेकवलं. आत भिंतीत टक् झालं. हीटर लाल झाला.

"म्हणजे तू तिथे बोट लावणार आणि मी इथे तापणार?"

"हो!"

"आणि चूल पेटताना मी तिच्याशी बोलते, ते कोणाशी बोलू?"

केंजेबेक हसला. याला उत्तर द्यायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

समोरच्या घरातले शार्शेन आके काठी टेकत पाहायला आले. वडिलांचे जुने मित्र. त्यांनी हीटर पाहिला, भिंत पाहिली, लिंपलेली चूल पाहिली आणि मान वर करून धुराड्याकडे पाहिलं.

"आणि धूर?"

"धूर नाहीच, आके! तीच तर मजा आहे."

"मग आम्हाला कसं कळणार?"

"काय कळणार?"

शार्शेन आकेंनी काठी उचलली. बर्फ घेऊन येणाऱ्या ढगांकडे ती रोखली आणि ते घरी गेले. केंजेबेकला वाटलं, म्हाताऱ्याला नवं काही पचत नाही.

कळायचं काय होतं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. थंडीत माणूस सकाळी उठतो, पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या धुराड्यांकडे बघतो. धूर आहे, म्हणजे म्हातारी उठली, चहा ठेवला. धूर नाही, म्हणजे दार वाजवायला हवं. केंजेबेक परत गेल्यावर सलग तीन सकाळी आपांचं दार वाजलं आणि तीनदा आपा रजईतून उठून "आहे गं बाई, आहे मी" म्हणत दाराशी आल्या. चौथ्या दिवशी शार्शेन आके एक भोकं पाडलेली जुनी बादली घेऊन आले. ठरलं असं, की रोज सकाळी आपांनी अंगणात त्या बादलीत दोन गोवऱ्या पेटवायच्या. एवढा धूर दिसला की गाव निश्चिंत. म्हणजे ज्या पायरीवरून आई घसरू नये म्हणून सगळा खटाटोप केला, त्याच पायरीवरून आपा रोज बर्फात उतरू लागल्या, आपण जिवंत आहोत हे गावाला कळवायला. लेकाला त्यांनी हे सांगितलं नाही. त्याचा आनंद त्यांना मोडायचा नव्हता.

आणि आनंद तर काय विचारता! केंजेबेक रात्री झोपताना बोट टेकवायचा, सकाळी चहा घेताना, दिवसा उन्हावर भागतं म्हणून, पुन्हा टेकवून बंद करायचा, आणि आपण आईची सेवा केली या समाधानात दुसरा पाव लोण्यात बुडवायचा. झूराच्या भाच्याच्या पाळण्याच्या जेवणाला तो गेला तेव्हा जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवायला बसलेल्या पाहुण्यांपुढे त्याने फोन धरला.

"ही माझ्या आईची झोपायची खोली. आत्ता, या क्षणी, मी तिला ऊब देतोय." टक्.

सगळे आ वासून बघत राहिले. मग वरच्या जागी बसलेले पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे म्हणाले, "पोरा, जरा इकडे दे. मीही त्या माउलीला ऊब देतो. पुण्य लागेल."

त्यांनी बोट टेकवलं. हीटर बंद झाला. फोन शेजारच्याने मागून घेतला, त्याने तरी पुण्य का चुकवावं? चालू झाला. मोठ्यांना नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे फोन सबंध दस्तरखानाभोवती फिरला. प्रत्येकाने आपापलं पुण्य दाबून घेतलं, आणि शेवटी सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवून आपांना दीर्घायुष्य चिंतलं. तिकडे कारा-बुलाकमध्ये आपा उशीवर बसून, भिंतीत कोण ठोकतंय म्हणून दुवा पुटपुटत होत्या. शेवटचं पुण्य ज्याच्या वाट्याला आलं त्याने हीटर चालू ठेवला की बंद, हे केंजेबेकने घरी जाईपर्यंत पाहिलंच नाही. चालू होता. नशीब आपांचं.

मग जानेवारी उजाडला आणि नारिनच्या बाजूला वादळ आलं. कारा-बुलाकची लाइट रात्रीत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. वायफायची पेटी जागी झाली, फ्रिज गुरगुरला. चारही रिले मात्र भिंतीत गप्प बसून राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारा बिश्केकमध्ये घोरत होता. सकाळी त्याने फोन उघडला, सगळी बटणं बंद दिसली, आणि त्याला वाटलं, 'अरे वा, मी झोपेतच बंद केलं वाटतं. अंगवळणी पडलं आता.' वीज वाचली म्हणून त्याला बरंही वाटलं.

दुपारी तो एका कवळीला रंग देत असताना शार्शेन आकेंचा फोन आला.

"केंजे, ऐक. आपाची तब्येत जरा बरी नाही. घाबरू नको. पण जमलं तर ये."

केंजेबेकच्या हातातून कवळी पडली. आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर कोणी देत नाही. लेकाला वाटेत काही होऊ नये म्हणून नेहमी हेच सांगतात, तब्येत जरा बरी नाही, घाबरू नको, ये. त्याच्या वडिलांच्या वेळी याच आवाजाने हेच शब्द सांगितले होते.

"आके," तो कसाबसा म्हणाला, "आपाला फोन द्या."

"ती झोपलीय रे. सगळ्या रजया तिच्यावर घातल्यात. उठवू नका म्हणतात बायका."

"कोण बायका?"

"गावातल्या. सगळेच जमलेत."

"मुल्ला?"

"तेही आलेत. सकाळपासून इथेच आहेत." मुल्ला त्या घडीला पहारीने दातांचं प्लास्टर फोडत होते, कारण धुराडं साफ करण्यात त्यांच्याइतकं तरबेज गावात कोणी नव्हतं. पण हे सांगायची आकेंना गरज वाटली नाही.

"मेंढा..." केंजेबेकने विचारलं. आमच्याकडे मयताला मेंढा कापतातच.

"कापला. ती काळजी तू करू नकोस." गारठलेल्या माणसाला ताज्या कातड्यात गुंडाळून रस्सा पाजायचा, हे कोणाला सांगावं लागतं? आकेंनाही तसं वाटलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, पोरगं भलतंच काही समजतंय. "अरे, ती जिवंत आहे! खरंच सांगतोय, जिवंत आहे!"

हेही सगळे सांगतातच. केंजेबेकने फोन ठेवला आणि प्लास्टरच्या साच्यांमध्ये डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

खिंडीत बर्फ होतं. झूरा गाडी चालवत होती, कारण रडून रडून केंजेबेकला रस्ता दिसत नव्हता. कान्तहून गाडीत चढून मागे बसलेल्या गुलबाराने वाटेतच शोकाचे बोल सुरू केले होते. आपांचे हात, आपांचं दही, आपांनी शिवलेल्या रजया, एकेक आठवून ती सूर लावून रडत होती. मधे थांबून तिने एकदाच विचारलं, "हीटर चालू होता ना?" केंजेबेकने तोवर फोन शंभरदा पाहिला होता. काल रात्री आपण चालू केला होता. सकाळी बंद दिसला. झोपेत कोणी बंद करत नसतं. लाइट गेली होती. टोपलीतला हात, दामिराची शाल, मिरचीच्या तेलाचा वास, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने फोन खिशात ठेवला.

गावाच्या वेशीवर झूराने गाडी थांबवली. आईच्या मयताला लेकाने गाडीतून दारापर्यंत जायचं नसतं. लांबून, पायी, मोठ्याने रडत जायचं असतं, म्हणजे गावाला कळतं की हिचं कोणी तरी होतं. केंजेबेक उतरला, कमरेवर हात ठेवून वाकला आणि त्याने हंबरडा फोडला.

"आपा गं! माझ्या आपा!"

पाठोपाठ गुलबारा, झूरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दारं उघडली. माणूस असा रडत आला की त्याला एकट्याला रडू द्यायचं नसतं, मागून चौकशी करता येते. शार्शेन आके बाहेर आले आणि काय झालं ते न विचारताच काठीवर वाकून त्यांनीही रडायला सुरुवात केली. आतले पुरुष बाहेर आले, तेही रडू लागले. मुल्ला काजळीने काळे झालेले, तेही डोळे पुसू लागले. दुःखात माणूस आईलाच हाका मारतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं, मेलेलं माणूस समोरच्याचं दुसरंच कोणी आहे.

आणि केंजेबेकच्या तोंडून रीतीचे शब्द संपले, तसं पोटातलं बाहेर पडू लागलं.

"आपा गं, मी आठवणीचा घेतला नाही गं! ती बाई सांगत होती, घ्या म्हणून! मी विसरभोळा घेतला! राहिलेल्या पैशांचं लाघमान खाल्लं गं आपा! एक बशी लाघमान! आणि चांगलं लागलं मला ते!"

सगळं कारा-बुलाक ऐकत होतं. रडणारे रडता रडता एकमेकांकडे बघू लागले.

दार उघडलं. मेंढ्याच्या कातड्यात मानेपर्यंत गुंडाळलेल्या जिपार आपा उंबऱ्यावर उभ्या होत्या. लेकाचा आवाज ऐकून त्यांनी एवढ्या घाईतही कवळी घातली होती.

"शार्शेन," त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"मला काय माहीत!" शार्शेन आके डोळे पुसत म्हणाले. "केंजे घेऊन आलाय."

केंजेबेकने मान वर केली. आईच्या डोक्यावर, छपराच्या टोकाला, धुराड्यातून करडा धूर सरळ वर चालला होता. तो बर्फातच खाली बसला.

मेंढा शिजलेला होता, माणसं जमलेली होती, त्यामुळे सगळे आत जाऊन जेवायला बसले. जिवंत माणसाच्या मयताला आलेल्यांनाही उपाशी पाठवता येत नाही. चूल धडधडत होती. सकाळी बादलीतला धूर दिसला नाही म्हणून शार्शेन आकेंनी दाराची कडी तोडली होती, आणि आपा रजयांखाली दातखीळ बसून पडलेल्या सापडल्या होत्या. हे सगळं केंजेबेकला आता, मांसाच्या थाळीसमोर, बादलीच्या गोष्टीसकट कळलं. त्याने हातातला घास थाळीत परत ठेवला.

गुलबाराने डोळे पुसले आणि ती बाह्या सरसावून उभी राहिली. "झालं एवढं बस्स. आपा, तुझं सामान बांधते. उद्या कान्तला चल."

आपांनी कातडं गळ्याशी घट्ट ओढलं आणि भिंतीकडे बघत राहिल्या. हातातला प्याला त्यांनी ओठाला लावला नाही. या वेळी त्यांनी लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागायचं ते त्यांचं एकदा मागून झालं होतं.

"एजे," केंजेबेक म्हणाला, "सामान बांधू नकोस. मी राहतो."

"कुठे?"

"इथे. चुलीजवळ."

"किती दिवस? निवडून झाल्यावर सांगशील का?"

"सगळ्या गावासमोर सांगतोय ना."

झूराने थाळीतला एक तुकडा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. "साचे मी पुढच्या आठवड्यात आणून देते. मी नोकरीचं बघते काय ते. पण तुम्ही आजपासूनच राहायचं. घरी जाऊन तुलना करायची नाही."

बोळक्या तोंडांचे दोन म्हातारे लगेच विचारू लागले की वरच्या दातांना किती दिवस लागतील. आपांनी तेव्हा कुठे प्याला ओठाला लावला. एक घोट घेऊन त्या लेकाकडे वळल्या.

"केंजे, लोकांना आपल्यासाठी कोण किती रडलं ते कधी कळत नाही. मी कानांनी ऐकलं." मग कवळी काढून त्यांनी डोक्याच्या रुमालाला पुसली. "त्या लाघमानात मांस तरी होतं का रे?"

रिले अजून त्या भिंतीत आहेत. कोणी त्यांना काही सांगत नाही आणि तेही काही विचारत नाहीत. केंजेबेक रोज पहाटे उठतो, राख काढतो, कोळसा फोडतो आणि चूल पेटवतो. कोळसा त्याने स्वतः निवडला. त्यासाठी तालुक्यातली एकही वखार सोडली नाही, आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त जो होता तो घेतला. त्याला जाळ कमी आणि धूर दांडगा. सकाळी वारा पडलेला असला की तो काळा, जाड धूर अख्ख्या गल्लीवर बसतो, वाळत घातलेली कापडं खराब होतात आणि बायका शिव्या घालतात. शार्शेन आके खोकत खोकत अंगणात येतात, त्या धुराकडे बघतात आणि घरात ओरडून सांगतात, "जिपारचा धाकटा घरी आहे."